पावणेदोनशे किलोची नळी

ट्रॅक्टरच्या पोटाखाली वाकून पाहिलं तर इंजिनाजवळच्या पंपापासून मागच्या लिफ्टपर्यंत गेलेली एक पोलादी नळी दिसते. करंगळीएवढी जाड, चिखलाने माखलेली, मध्ये दोन-तीन ठिकाणी क्लॅम्पने धरलेली. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती अशी उघड्यावरच असते आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. नांगर अर्ध्यात लटकू लागला आणि सकाळी शेडमध्ये तेलाचं काळं थारोळं दिसलं, की मग तिची आठवण होते. सायकलच्या ट्यूबची पट्टी येते, तिच्यावर बाइंडिंग वायर, तिच्यावर एपॉक्सीची पुटी. इंजिन चालू करून लिफ्टचा दांडा ओढला की हे सगळं बांधकाम काही मिनिटांत तेलात पोहू लागतं.

ते का टिकत नाही हे शोधायला गेलं, तर त्या नळीत काय चाललेलं असतं ते कळतं, आणि ते थक्क करणारं आहे.

आधी दाबाचा आकडा पाहू. शेतीच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टमधला दाब साधारण १५० ते २०० बारपर्यंत चढू दिलेला असतो; त्यापुढे गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल टाकीकडे परततं. आपण १७५ बार धरू. मेकॅनिक याला ‘पावणेदोनशे किलो’ म्हणतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमागे तेवढे किलो. मोटारीच्या टायरमध्ये सुमारे दोन बार हवा असते. १७५ बार हा समुद्रात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर खोल गेल्यावरचा दाब. तो इथे बांधावर, चिंचेच्या सावलीत, १२ मिलिमीटरच्या नळीत कोंडलेला आहे.

कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने लिहून ठेवलं. त्याचं ते लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापलं गेलं. एका पिस्टनपेक्षा दुसरा शंभरपट मोठा केला तर लहान पिस्टनवर ढकलणारा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरेल, हा हिशेब त्यातच आहे. आपल्या लिफ्टमध्ये दहा सेंटीमीटर व्यासाचा पिस्टन असेल तर १७५ बारला त्याच्यावर सुमारे १४ टनांचा रेटा बसतो. मधल्या दांड्यांच्या तरफेत हे बळ बरंच उतरतं, त्याच्या बदल्यात उंची मिळते, आणि टोकाशी दीड-दोन टन उचलण्याची ताकद उरते. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर आणि तेल यांची अशी पक्की गाठ घातली, की १९३९ साली हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या त्याच्या ट्रॅक्टरनंतर तीन टोकांची ती जोडणी जगभरातल्या ट्रॅक्टरांनी उचलली.

एवढा दाब सोसणाऱ्या नळीची भिंत मात्र जेमतेम दीड मिलिमीटरची. ती फाटत का नाही? कारण ती बारीक आहे. नळीच्या भिंतीवर पडणारा ताण काढायला दाबाला आतल्या व्यासाने गुणायचं आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागायचं. आतून ९ मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर, दाब १७५ बार: ताण येतो सुमारे ५२ मेगापास्कल. नळीचं साधं मऊ पोलाद २३५ मेगापास्कलच्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं, म्हणजे साडेचारपट हात राखून आहे. आता हीच दीड मिलिमीटरची भिंत ठेवून नळी आतून ९० मिलिमीटरची केली, तर ताण दहापट होतो आणि ती पहिल्याच उचलीत उलगडते. भला मोठा दाब न्यायला बारीक नळी घेतात ती काटकसर म्हणून नाही.

याच सूत्रात गळतीचंही भविष्य लिहिलेलं आहे. बाहेरून गंज खात गेला आणि एखाद्या जागी भिंत ०.३ मिलिमीटर उरली, की तिथला ताण हिशेबाने २६० मेगापास्कलच्या वर जातो. आजूबाजूची जाड भिंत थोडा काळ आधार देते, मग एके दिवशी टाचणीच्या टोकाएवढी जागा हार मानते.

ही जागा शोधणं हेच निम्मं काम. जिथून थेंब पडतो तिथे भोक असतंच असं नाही. तेल नळीच्या खालच्या अंगाने वाहत जाऊन सगळ्यात सखल जागी टपकतं. नळी डिझेलने धुवायची, कोरडी पुसायची, वरून खडूची पूड किंवा पावडर भुरभुरवायची आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं. पांढऱ्या पुडीत पहिली ओल जिथे उमटते तिथे दुखणं. पुष्कळदा ते नळीत नसतंच. नळीच्या टोकाशी पंपाला बसणारी ओ-रिंग कडक होऊन चिरलेली असते, आणि काही रुपयांच्या रिंगेसाठी अख्खी नळी उतरवायची तयारी झालेली असते.

भोक नळीतच असेल तर त्याचा आकार बरंच सांगतो. क्लॅम्पखाली खडबडीत खड्डा असेल तर गंज. रबर आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत पाणी साठून राहतं, त्यात युरिया-डीएपीची धूळ किंवा कोकणातली खारी हवा मिसळली की पोलाद आतल्या आत पोखरलं जातं. एका बाजूला घासून चपटी, चकचकीत झालेली जागा आणि तिच्या मधोमध भोक असेल तर सैल झालेला क्लॅम्प किंवा शेजारचा बोल्ट. नटाच्या अगदी जवळ, नळीला आडवी, केसासारखी चीर असेल तर थरथर: इंजिनाच्या कंपनांनी नळी लाखो वेळा किंचित वाकून थकली आहे. आणि लांबीच्या दिशेने उभी चीर असेल तर दाबानेच फाटली. बंद नळीत आडव्या दिशेचा ताण उभ्याच्या दुप्पट असतो, म्हणून निव्वळ दाबाने फुटणारी नळी नेहमी लांबीत उकलते. नळीचा तुकडा हातात घेऊन हे वाचता येतं, आणि ते वाचल्याशिवाय केलेली दुरुस्ती दुसऱ्या हंगामात त्याच जागी परत येते.

पण शोधताना एक गोष्ट कधीही करायची नाही. चालू इंजिनावर नळीवरून हात फिरवायचा नाही. हातमोजा घालूनही नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं.

कारण असं. नळीच्या आत तेल सेकंदाला पाचएक मीटर वेगाने चाललेलं असतं. पण १७५ बारच्या मागे ढकलत असलेल्या तेलाला भोक सापडलं, की ते तिथून सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने सुटतं. ताशी सातशे किलोमीटरच्या वर. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सव्वा-दीड लिटर तेल जातं; त्याहून बारीक भोकाची धार डोळ्यांना दिसतही नाही, नुसतं धुकं वाटतं. मानवी त्वचा भेदायला याच्या विसाव्या हिश्श्याएवढा दाबही पुरतो. धार बोटात शिरते तेव्हा सुई टोचल्यासारखं होतं, रक्ताचा थेंबही येत नाही, माणूस बोट चोखून पुन्हा कामाला लागतो. तेल मात्र आत स्नायूंच्या आवरणांतून पसरलेलं असतं. काही तासांत हात सुजतो, रक्तपुरवठा तुटतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून जखम कितीही क्षुल्लक दिसली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जायचं आणि ‘जोराच्या दाबाचं तेल आत शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे मलम-पट्टी करून घरी पाठवलं जाणार नाही. चालू यंत्रावर गळती पाहायचीच असेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून तो फिरवायचा. धार पुठ्ठ्यावर उमटते.

आता त्या पुटीकडे येऊ. ती का टिकत नाही याचं उत्तर पुन्हा पास्कलकडेच आहे. भोक एक चौरस मिलिमीटरचं असेल तर त्यातून पुटीवर बसणारा रेटा जेमतेम पावणेदोन किलोचा. तेवढा ती सहज सोसेल असं वाटतं. पण पुटी आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा अतिबारीक थर घुसायला लागला, की तो दाब जसाच्या तसा सोबत घेऊन जातो. पुटीखालची एक चौरस सेंटीमीटर जागा ओली झाली की तिला खालून १७८ किलोंनी उचललं जातं. जितकी सुटेल तितका रेटा वाढतो, जितका रेटा वाढेल तितकी ती सुटते. ठिगळ जितकं मोठं लावाल तितका मोठा पिस्टन तेलाच्या हाती दिलात.

हाच प्रश्न लंडनमध्ये जोसेफ ब्रामाहला पडला होता. १७९५ साली त्याने हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं. यंत्र पास्कलच्या तत्त्वावर उत्तम चालायला हवं होतं, पण पिस्टनच्या कडेने पाणी सुटायचं. भरण इतकं आवळलं की गळती थांबेल, तर पिस्टनच हलेना. त्यावरचा तोडगा त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीने काढला असं सहसा मानलं जातं: चामड्याची दुमडलेली वाटीसारखी कडी, जिचा उघडा ओठ दाबाच्या बाजूला. पाण्याचा दाब त्या ओठात शिरून त्याला पिस्टनवर आणि भिंतीवर दाबून धरतो. दाब वाढला की कडी जास्त आवळली जाते, उतरला की सैल पडून पिस्टनला जाऊ देते. गळती करणाऱ्यालाच राखण करायला बसवलं! मला विचाराल तर हायड्रोलिक्सच्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी कल्पना आहे, पास्कलच्या नियमाहूनही. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सनला १९३९ साली अमेरिकेत ज्या ओ-रिंगचं पेटंट मिळालं तिचंही मर्म हेच: दाब रबराला खाचेच्या एका कडेला ढकलतो आणि रबर फटीचं तोंड बुजवतं. बाहेरून लावलेली पट्टी मात्र दाबाच्या विरुद्ध एकटी उभी राहते.

तेव्हा मधल्या भोकाची खरी दुरुस्ती म्हणजे भोकाला हात न लावता ते कापून काढणं आणि दोन टोकं जोडणं. घरच्या शेडमध्ये ज्याला हे करायचं आहे त्याच्यासाठी सगळ्यात भरवशाची जोडणी कटिंग रिंगची. एमआयडीसीच्या आसपास हायड्रोलिकचं सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. जाड पोलादी युनियन, आत २४ अंशांचा निमुळता उतार, एक नट, आणि त्यांच्यामध्ये कठीण पोलादाची धारदार कडी. नट आवळला की कडी उतारावरून आत चेपली जाते आणि तिची कड नळीच्या अंगात शिरते. नांगराचा फाळ जमिनीत जाताना मातीचा वरंबा उभा करतो तसा कडीच्या पुढे नळीच्याच पोलादाचा एक बारीक उंचवटा उठतो. तेल अडतं ते कडी, नळी आणि उतार जिथे एकमेकांत चेपले जातात त्या अरुंद गोल रेषेवर. ना रबर, ना डिंक. आतला दाब नळीला बाहेर ढकलू पाहतो तेव्हा उंचवटा कडीला अडतो, कडी नटाला, आणि नळी जागची हलत नाही.

इथे आट्यांचं काम फक्त ओढून धरायचं. घरच्या नळाला आपण टेफ्लॉन टेप गुंडाळतो कारण तिथे पाणी आट्यांवरच अडवायचं असतं. त्या सवयीने इथेही टेप गुंडाळली जाते. तिचा काहीच उपयोग नसतो आणि वरून तिचे धागे सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

करायचं कसं? आधी नांगर किंवा जे काही अडकवलं असेल ते पूर्ण जमिनीला टेकवायचं, इंजिन बंद करायचं, मग लिफ्टचा दांडा दोन-तीनदा वर-खाली करून उरलेला दाब सोडायचा. उचललेल्या ट्रॉलीखाली काम असेल तर तिला भक्कम लोखंडी टेकू. तेलाच्या भरवशावर ट्रॉलीखाली जाणाऱ्या माणसाला समजावण्यात मी वेळ घालवत नाही, त्याला पाय धरून बाहेर ओढावं. नळी उतरवून घ्यायची, टोकं स्वच्छ फडक्याने बांधायची. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजायचा, आणि इथे खरंच सावध राहायचं: १६ मिलिमीटरची आणि ५/८ इंचाची नळी यांच्यात फरक आहे एक अष्टमांश मिलिमीटर. कडी चढते, नट आवळला जातो, सगळं ठीक दिसतं, आणि चावा मात्र अपुरा बसतो.

कापताना काटकोनात कापायची. युनियनच्या आत दोन्ही बाजूंना नळी अडण्यासाठी पायरी असते, तेव्हा किती तुकडा काढायचा हे युनियन मोजूनच ठरतं. जास्त कापली गेली तर मध्ये नवा तुकडा आणि दोन युनियन. तो तुकडा हायड्रोलिकचीच सीमलेस नळी हवा, पाण्याची जीआय नळी नव्हे. टोकाच्या आतली-बाहेरची कूस कानशीने हलकेच काढायची, कडी आणि आट्यांना तेलाचं बोट लावायचं, नळी पायरीला टेकवून धरायची आणि नट हाताने बसेल तितका बसवून पुढे पान्ह्याने सव्वा ते दीड फेरा. नेमका फेरा कडी बनवणाऱ्याच्या पत्रकात असतो, तोच खरा. मग एकदा नट उघडून पाहायचं: कडीच्या पुढे उंचवटा सगळीकडून सारखा उठलाय का? कडी नळीवर फिरली तरी चालेल, पुढे-मागे सरकता कामा नये. दिसायला एवढंसं असलं तरी ही तपासणी गाळणारा माणूस अर्धवट चावलेल्या कडीवर पावणेदोनशे किलो सोडतो.

गंजाने भोक पडलं असेल तर मात्र मी जोडकामाच्या फंदात पडणार नाही. जिथे एक खड्डा आरपार गेला तिथे आणखी दहा अर्ध्या वाटेवर असतात, आणि खड्ड्यांच्या अंगावर कडी नीट चावत नाही. अख्खी नळी नवी करावी. जुनी नळी नमुना म्हणून द्यायची आणि तिची वळणं जशीच्या तशी मागायची. ती वळणं फक्त अडथळे चुकवायला नसतात. पोलादाची एक मीटर नळी ६० अंशांनी तापली की पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन टोकं घट्ट धरलेल्या सरळ नळीला ही वाढ कुठे नेऊ असं होतं, वळण असलं की ते किंचित उघडतं-मिटतं आणि कंपनंही गिळतं.

‘पितळ मारून देतो’ हा गावातला सर्रास उपाय. ब्रेझिंग वाईट नाही. नळीवर नेमक्या मापाची बाही चढवून वितळलेला धातू दोघांमधल्या कागदाएवढ्या फटीत केशाकर्षणाने ओढला जाऊ दिला तर तो जोड फार मजबूत होतो. पण भोकावर टाकलेला पितळाचा गोळा म्हणजे गरम पुटीच. शिवाय नळीत राहिलेलं तेल जळतं, जस्ताच्या मुलाम्याचा धूर विषारी असतो आणि आतल्या भिंतीवर जळकी खपली तयार होते.

त्या खपलीची भीती का वाटावी? कंट्रोल व्हॉल्व्हमधला सरकता दांडा आणि त्याचं घर यांच्यातली फट असते दहाएक मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे हॅक्सॉचा जो कण डोळ्याला जेमतेम दिसतो तो त्या फटीच्या मानाने दगडच. गळकी नळी तेल घालवते. घाणेरडी दुरुस्ती पंप आणि व्हॉल्व्ह घालवते. कापल्यावर नळी डिझेलने धुऊन, हवेने फुंकून, आरपार स्वच्छ कापड ओढून मगच बसवायची.

प्रत्येक नळीला एवढा सोपस्कार लागत नाही. टाकीकडे परतणाऱ्या नळीत दाब थोडाच असतो, तिला तेल सोसणाऱ्या रबरी होजचा तुकडा आणि दोन चांगल्या क्लिपा चालतात. टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीची गंमत वेगळी. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे तिला भोक पडलं तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमीन कोरडी, पण तेल दुधासारखं फेसाळलेलं, पंप किंचाळतोय आणि लिफ्ट झटके देत उचलतेय. तेल १७५ बारखाली जेमतेम एक टक्का आकसतं. हवा मात्र दबली जाते आणि लिफ्टचा सगळा ठामपणा जातो. ब्रेकची नळी हा पूर्णपणे वेगळा विषय. तिच्यात पुष्कळदा ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो, तिची टोकं दुहेरी दुमडलेली असतात, आणि ती घरी जोडायची नसते, बदलून घ्यायची असते. लिफ्टचं खनिज तेल अशा ब्रेकमध्ये गेलं तर तिथली रबरं फुगून बाद होतात.

नवी नळी बसल्यावर टाकीतलं तेल पाहायचं, इंजिन हळू ठेवून लिफ्ट काही वेळा रिकामी वर-खाली करायची म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, तेल पुन्हा पाहायचं. मग वजन लावून उचलायचं आणि पुठ्ठा फिरवायचा. कुठे ओल दिसलीच तर इंजिन बंद करून, दाब सोडून मगच नटाला हात; दाबाखाली नट आवळायचा नाही. क्लॅम्पची जुनी रबरं याच वेळी बदलावीत.

आणि ट्रॉलीच्या जॅकचा चकचकीत दांडा बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर तेलाचा जो पातळ तकाकता लेप दिसतो, तो पाहून घाबरायचं कारण नाही. तिथलं सील मुद्दामच तेवढं तेल जाऊ देतं. कोरड्या दांड्यावर ते घासून काही दिवसांतच फाटलं असतं.